सात घरं फिरणारी मनी

दसरा झाला की अल्लीपूरच्या शिवारात कापसाचा वेचा सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत घराघरांत पांढऱ्या गंज्या लागतात. भाव पटला तर गाडी हिंगणघाटच्या बाजार समितीत जाते, नाही पटला तर कापूस घरातच थांबतो. कधी बाजूच्या खोलीत, कधी पडवीत, आणि जागा कमी पडली तर झोपायच्या खोलीतही. माणसांची अडचण होते, पण घरातल्या मांजरीची चंगळ होते. ती गंजीवर चढते, दोन-तीन ठिकाणी हुंगते, एक जागा पक्की करते आणि पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने दाबायला लागते. उजवा, डावा, पुन्हा उजवा. डोळे अर्धे मिटलेले, नखं जराशी बाहेर, घशातून घुरघुर चालू. नखात तंतू अडकला की पाय झटकते आणि परत कामाला लागते. मग स्वतःभोवती एक गिरकी घेऊन मुटकुळं करून झोपते.

"पाय वं, कणीक मळून रायली!" असं म्हणत घरातली बाई हातातलं काम सोडून हे बघत उभी राहते. मांजर पाळलेल्या प्रत्येक घराने हा प्रकार पाहिलेला आहे. त्याचं मूळ तिच्या अगदी लहानपणात आहे. आंधळं पिल्लू आईला पिताना तिच्या पोटावर पायांनी दाब देतं, कारण त्याने दुधाचा पान्हा सुटतो. मऊ, उबदार जागा आणि पायांची ही हालचाल यांची सांगड तेव्हाच बसते ती आयुष्यभर सुटत नाही. तीन पिल्लांची आई झालेली मांजरसुद्धा कापसावर, गोधडीवर किंवा आजीच्या मांडीवर पुन्हा पिल्लू होते.

हिंगणघाट तालुक्यातल्या या गावात, आणि वर्धा जिल्ह्यातल्या अशा शेकडो गावांत, मांजर विकत आणायची चीज नाही. ती आपणहून येते, कुणाच्या तरी गोठ्यात विते, एका घरी दूध पिते, दुसऱ्या घरी झोपते आणि तिसऱ्या घरच्या कुटाराच्या ढिगात शिकार करते. तिच्या गळ्यात पट्टा नसतो, जेवणाला वेगळं ताट नसतं. तरी तिच्या खोड्यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. या खोड्यांना हसावं, जरूर हसावं. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक खोड तिच्या शरीरातून आणि तिच्या पूर्वजांच्या जगण्यातून आलेली आहे, आणि ते कळलं की हसण्यासोबत तिची कदरही वाटू लागते.

मांजराचं कूळ वाळवंटी आहे. जगातल्या घरगुती मांजरांच्या जनुकांचा मोठा अभ्यास 2007 साली 'सायन्स' मध्ये छापून आला आणि सगळ्यांचा धागा पश्चिम आशियातल्या रानमांजराशी जुळला. आपल्या तुरीच्या आणि कपाशीच्या शेतात कधीमधी दिसतं ते रानमांजर वेगळ्या जातीचं, घरच्या मनीचं ते पूर्वज नव्हे. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. माणसाच्या त्या कबरीच्या शेजारीच मांजर पुरलेलं होतं. 2004 साली हा शोध जाहीर झाला. बेटावर रानमांजर मुळात नव्हतंच, म्हणजे कुणीतरी होडीत घालून ते नेलेलं असणार.

या वाळवंटी कुळाचा पुरावा अल्लीपुरात रोज दिसतो. सकाळी आंघोळीचं पाणी तापवून झालं की मांजर चुलीच्या राखेत जाऊन बसते आणि पांढरी-भुरी होऊन बाहेर येते. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर, नुकत्याच बंद केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीवर तिचा पहिला हक्क असतो. माणसाला अंगावर पातळ कपडे असताना जे हवामान सुखाचं वाटतं, ते मांजराला गारच लागतं. शरीराला तापमान राखण्यासाठी जादा खर्च करावा लागत नाही अशी तिची पट्टी साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस अशी मानली जाते. वर्ध्याचा मे महिना मात्र तिलाही जड जातो. पारा 45 च्या पुढे सरकला की हीच राखेतली मांजर रांजणाखालच्या ओल्या वाळूत पोट टेकून पडते, किंवा कूलरच्या झोतासमोर चारही पाय पसरते. तिला घाम येतो तो फक्त तळपायांना. दुपारी फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटलेले काही घरांनी पाहिले असतील.

दुधाची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. ती नेमकं कसं पिते हे मात्र 2010 सालापर्यंत कुणाला नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटीतले रोमन स्टॉकर आपल्या मांजराला पाणी पिताना पाहत होते आणि त्यांना प्रश्न पडला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेरा लावला. कुत्रा जिभेची वाटी करून पाणी उपसतो आणि अर्धं सांडतो. मांजर तसं करत नाही. ती जिभेचं टोक मागे वळवून दुधाच्या पृष्ठभागाला फक्त टेकवते आणि झटकन वर उचलते. जिभेबरोबर दुधाचा एक बारीक खांब वर येतो आणि तो कोसळायच्या आत ती तोंड मिटते. हे एका सेकंदात साधारण चार वेळा होतं. म्हणून जर्मनच्या भांड्यातलं दूध संपतं, पण तिच्या मिशा कोरड्या राहतात. आता दूध पिणारी मांजर दिसली तर खाली बसून पाहा, जिभेचं वर-खाली होणं दिसतं, खांब काही दिसत नाही. डोळ्यांना तेवढा वेग पकडताच येत नाही.

दूध तिला आवडतं, पण त्यात साखर घातली आहे की नाही याने तिला काही फरक पडत नाही. गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे 2005 साली अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. वाघ आणि चित्ता यांचीही तीच स्थिती आहे. दिवाळीच्या फराळाचा डबा उघडा राहिला आणि मनीने करंजीला तोंड लावलं, तर तिला ओढ तुपाची असते, सारणाच्या गोडीची नव्हे. आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. वयात आलेल्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. वाटीभर दुधापेक्षा वाटीभर स्वच्छ पाणी आणि मासळीचा किंवा मटणाचा उरलेला तुकडा तिला जास्त लागू पडतो. मांस-मच्छी नसलेल्या घरी उकडलेलं अंडं चालतं.

पहाटे पाचला मांजर माणसाला कशी उठवते, हा गावोगावच्या गप्पांतला हमखास विषय. आधी बाजेखाली घुरघुर, मग पायाच्या अंगठ्याला डोकं घासणं, मग छातीवर उभं राहून थेट तोंडाशी तोंड. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅककोम्ब यांनी 2009 साली या घुरघुरीचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की भुकेल्या मांजराच्या घुरघुरीत एक उंच, रडवा सूर मिसळलेला असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्याची जवळीक आहे. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं अशा लोकांनाही दोन्ही घुरघुरी ऐकवल्या, तेव्हा भुकेची घुरघुर त्यांना जास्त तातडीची वाटली. पाच वाजता उठून दूध घालणारी माणसं साधी-भोळी नाहीत. मांजराने त्यांच्या काळजाचा नेमका धागा पकडलेला असतो. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. ते बोलणं त्यांनी प्रामुख्याने माणसांसाठी राखून ठेवलेलं आहे.

नावाचंही तसंच. गावात निम्म्या मांजरी मनी आणि उरलेल्या माऊ असल्या, तरी प्रत्येक मनीला आपल्या घरचा आवाज बरोबर ओळखता येतो. जपानच्या अत्सुको साइतो यांनी 2013 साली मालकाच्या आवाजाबद्दल आणि 2019 साली नावाबद्दल प्रयोग केले. मांजराला आपलं नाव कळतं, इतर शब्दांमधून ते वेगळं काढता येतं. तिने वळून पाहिलं नाही, फक्त एक कान फिरवला, तरी तिने ऐकलेलं असतं. उठून यायचं की नाही हा तिचा स्वतंत्र निर्णय.

रिकामं टोपलं, सूप, पोतं, बियाण्याचा खोका यांतलं काहीही जमिनीवर ठेवलं की मांजर त्यात बसते. खोका लहान असेल तर अंग दुमडून बसते, कडा फाकल्या तरी बसते. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाहीत. खोकेवाली मांजरं लवकर स्थिरावली. चहूबाजूंनी आडोसा असला की पाठीमागून कुणी येणार नाही याची खात्री वाटते, एवढं साधं गणित त्यामागे आहे. 2021 सालच्या एका प्रयोगात तर घरोघरच्या मालकांनी जमिनीवर चौकोनाचा केवळ भास होईल अशी कागदी आकृती मांडली आणि काही मांजरं त्या नसलेल्या चौकोनात जाऊन बसली.

सगळ्यांत ओळखीची खोड मात्र पिल्लांच्या स्थलांतराची. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं जुनी माणसं सांगतात. पिल्लं ढोलीच्या मागे जन्मतात, आठवड्याने माळ्यावर जातात, तिथून शेजारच्या गोठ्यात आणि एक दिवस थेट कपाटातल्या साड्यांच्या घडीत सापडतात. आकडा सातचाच असतो असं नाही, पण निरीक्षण अगदी खरं आहे. मांजरीचा गाभणकाळ दोन महिन्यांच्या थोडा वर. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, ते उघडायला सात ते दहा दिवस लागतात. तोपर्यंत पळणं शक्य नाही, तेव्हा आईलाच जागा राखावी लागते. एकाच जागी राहिलं की वास साचतो, पिसवा वाढतात, कुत्र्यांना सुगावा लागतो. आणि सर्वांत मोठी भीती बोक्याची. परक्या बोक्याने पिल्लं मारल्याचं अनेक घरांनी पाहिलेलं आहे. मग माणसं कौतुकाने पिल्लं हातात घेतात, पोरं पाहायला गोळा होतात, आणि आई त्याच रात्री बिऱ्हाड हलवते. मानेची कातडी दातात धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन अगदी निपचित होतं, म्हणून ती कवेलूच्या उतारावरूनही त्याला सुखरूप नेते. एकेक करत सगळी पोहोचवली तरी ती पुन्हा जुन्या जागी येऊन पाहून जाते. मांजर आपल्या घरातून पिल्लं हलवते म्हणून रागावू नये. पहिले काही दिवस तिथे फिरकलं नाही, तर ती बहुधा राहते.

कवेलूवरून पाय घसरला तरी ती पायांवरच पडते, याचं आश्चर्य जगाला फार पूर्वीपासून आहे. फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी 1894 साली पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं काढली, तेव्हा विज्ञान अकादमीत त्यावर चर्चा झाली. हवेत आधाराला काहीच नसताना ती वळते कशी? उत्तर तिच्या लवचीक कण्यात आहे. ती पुढचं आणि मागचं अंग वेगवेगळं फिरवते. पडल्यानंतर ती लगेच अंग चाटायला बसते, त्याला पाहणारे लाज म्हणतात. गडबडलेल्या जिवाने स्वतःला शांत करण्याची ती रीत आहे.

विदर्भातल्या मांजरीला एके काळी सरकारी डॉक्टरनेच मोठी कामगिरी सोपवली होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो वऱ्हाड-नागपूरच्या गावांतही पसरत राहिला. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं होतं. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी पुढचा विचार केला. ज्या गावांत घरोघर मांजरी आहेत तिथे प्लेग कमी दिसतो, असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी गावांतल्या मांजरी मोजायला लावल्या आणि 1908 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्लेग रोखणारी मांजर या विषयावर लिहिलं. घरटी मांजर पाळा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे स्पष्ट झालं, आणि ही योजना मागे पडली. तरीही एका डॉक्टरने वऱ्हाडच्या गल्लीबोळांत मांजरांची खानेसुमारी करवली, ही नोंद आपल्या प्रदेशाच्या इतिहासात ठळक असायला हवी.

कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा साठवणाऱ्या घरात आजही मांजर कामाचीच आहे. लहान उंदीर, चिचुंद्री, पाल, टोळ यांचा ती फडशा पाडते. घुशीच्या वाटेला मात्र ती सहसा जात नाही, आणि तिला त्यासाठी आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका कचरा-प्रक्रिया केंद्रात 79 दिवस कॅमेरे लावून मांजरं आणि मोठे उंदीर यांचा अभ्यास झाला. मांजरांनी त्या काळात उंदरांवर हल्ला केला तीनदा, मारले फक्त दोन. स्वतःच्या अंगावर उलटू शकेल अशा जनावराला ती टाळते. पकडलेला अर्धमेला उंदीर घरात आणून उंबऱ्यावर ठेवणं हेही तिच्या शिकारी स्वभावातलंच. खाण्यासाठी ती सुरक्षित जागी परतते, आणि तिची सुरक्षित जागा म्हणजे तुमचं घर.

घरात चार माणसं बसलेली असावीत आणि मांजर नेमकी मांजरं न आवडणाऱ्या पाहुण्याच्या मांडीवर चढावी, हेही ठरलेलं. मांजराची आवड असलेले लोक तिच्याकडे टक लावून पाहतात, हात पुढे करतात, पोटाला हात लावतात. तो पाहुणा मात्र अंग चोरून, नजर चुकवून गप्प बसलेला असतो, आणि मांजराच्या भाषेत ही सभ्य माणसाची खूण आहे. ज्यांना तिच्याशी मैत्री करायची आहे त्यांनी डोळे हळूच बारीक करून सावकाश मिटावेत. 2020 साली ससेक्स आणि पोर्ट्समथच्या संशोधकांनी हे तपासलं. असं केलं की मांजरंही डोळे मिटून प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात.

सांदवाडीत सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, नवा वाफा केला की दुसऱ्या दिवशी तिथे मांजराने उकरलेलं असतं. घरधनीण वैतागते, आणि तिचा वैताग रास्त आहे. भुसभुशीत माती दिसली की विधी उरकून झाकून टाकायचं ही मांजराची उपजत शिस्त. वास दडला की शत्रूला माग लागत नाही. वाफ्यावर काट्याकुट्यांच्या फांद्या टाकल्या की प्रश्न सुटतो. या शिस्तीचं कौतुक करणारा एक मोठा माणूस पुढे वर्धा जिल्ह्यातच येऊन राहिला. 1932 साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी तिथल्या मांजरीवर आश्रमवासीयांसाठी लिहिलं. तिची स्वच्छता आणि पिल्लांना शिकवण्याची तिची रीत त्यांना शिक्षकासारखी वाटली. 1936 मध्ये ते सेगावात आले, तेच आजचं सेवाग्राम.

पावसाळ्यानंतर भिंतीच्या सांदीत खोकली नावाचं तण उगवतं. ते उपटलं की मांजर त्याच्या मुळाशी लोळते, गाल घासते, लाळ गाळते आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी निघून जाते. परदेशात अशाच गुणाच्या वनस्पतीसाठी लोक पैसे मोजतात, आपल्याकडे ती उकिरड्यावर फुकट मिळते. तिच्या मुळांतले मांजराला भुरळ घालणारे रासायनिक घटकही शास्त्रज्ञांनी ओळखले आहेत. जपानमध्ये याच कुळातल्या रसायनांवर 2021 साली झालेल्या संशोधनात दिसलं की ती अंगाला माखली की मांजराला डास कमी चावतात.

राहिलं मांजर आडवं जाण्याचं. मांजराची शिकारीची वेळ तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. शेतकरी शेतात निघतो आणि परततो ते याच वेळी. तिची रोजची वाट आणि त्याची रोजची वाट एकमेकींना छेदतात, त्यात शकुन-अपशकुन काही नाही. या समजुतीपायी तिला दगड मारणं आता तरी थांबावं.

दिवाळीच्या चार रात्री मात्र तिची खरी परीक्षा असते. माणसाला सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला सुमारे 85 हजारांपर्यंत. उंदराची बारीक चूंचूं पकडणारे ते कान सुतळी बॉम्बच्या शेजारी असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका अंधाऱ्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याची घडी घातलेला खोका ठेवा, जवळ पाणी ठेवा, आणि ती कपाटाखाली जाऊन बसली तर ओढून बाहेर काढू नका. वर्षातून एकदा तिला रेबीजची लस टोचून घ्या. पिल्लांची जबाबदारी पेलत नसेल तर गुरांच्या डॉक्टरांना तिच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारा, पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडू नका. आणि भाजलं, लागलं, ताप आला तर घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाचं यकृत ते औषध निकामी करतं, मांजराच्या यकृतात ती सोय नाही, आणि एका गोळीनेही तिचा जीव जाऊ शकतो.